आधी ‘नॉर्मल’ शोधा: म्यूटंट आणि साध्या रोपाची तुलना बाल्कनीत कशी करायची

काही वर्षांपूर्वी मी ठाण्यात जांभळी नाक्यावरून पाव किलो पांढरा वाटाणा आणला, उसळीसाठी भिजवला आणि त्यातले मूठभर दाणे बाल्कनीतल्या कुंड्यांत खोचले. शेजारच्या कुंड्यांत बियाण्याच्या दुकानातून आणलेला मटार लावला. मटाराचे वाळलेले दाणे सुरकुतलेले, म्हणून तो ‘म्यूटंट’, म्हणजे जनुकात बदल झालेला. किराणातला वाटाणा गोल गुळगुळीत, म्हणून तो ‘नॉर्मल’. विद्यार्थ्यांना दाखवायला छान जोडी मिळाली, असा माझा समज.

तीन आठवड्यांनी नॉर्मलला पानंच दिसेनात. देठाच्या बुडाशी दोन मोठी उपपर्णं, आणि पुढे पर्णिकांच्या जागी नुसते ताणे, तारेच्या गुंत्यासारखे. आधी कबुतरांना शिव्या घातल्या. मग उलगडा झाला. आपल्याकडे आयात होणाऱ्या वाटाण्यात ‘अफिला’ नावाचं म्यूटेशन असलेल्या जाती बऱ्याच असतात. या म्यूटेशनमुळे पर्णिकांचे ताणे होतात, रोपं एकमेकांना धरून उभी राहतात, शेतात लोळत नाहीत, म्हणून शेतकऱ्यांनी त्या मुद्दाम निवडल्या. मी नॉर्मल म्हणून जे लावलं होतं तेच म्यूटंट निघालं.

तेव्हापासून कोणीही विद्यार्थी “मॅडम, म्यूटंट सापडलं!” म्हणत आला की माझा पहिला प्रश्न असतो, नॉर्मल कुठून आणलंस? हा लेख अशा नवख्यांसाठीच आहे. बी.एस्सी.चा प्रकल्प असो किंवा नुसती हौस, सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर यातलं बहुतेक सगळं ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये जमतं.

म्यूटंट म्हणजे काय, आणि काय नाही

डीएनएत बदल झाला, आणि तो बियांतून किंवा कलमातून पुढे गेला, तर ते म्यूटेशन, मराठीत उत्परिवर्तन. ज्याच्याशी तुलना करायची त्या मूळ रूपाला प्रयोगशाळेत ‘वाइल्ड टाइप’ म्हणतात. वाइल्ड म्हणजे जंगली नव्हे. ज्यात तो एक बदल झालेला नाही, ते.

वाटाणा हे यातलं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात सोयीचं उदाहरण. मेंडेलने १८६६ साली ज्या सात गुणांवर लिहिलं त्यात दाण्याचा आकार होता आणि वेलाची उंचीही होती. दाणा सुरकुतण्यामागचं कारण १९९० साली उलगडलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय. त्यामुळे स्टार्च नीट बनत नाही, दाण्यात साखर साचते, साखरेमुळे पाणी जास्त शिरतं आणि वाळताना दाणा चुरगळतो. मटार गोड लागतो तो याच बिघाडामुळे. बुटकेपणाचं जनुक १९९७ साली सापडलं. ते जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचं शेवटच्या टप्प्यातलं, कामाचं रूप तयार करतं.

आता म्यूटंट नसलेल्या गोष्टी. मिरचीची पानं आखडली की तो बहुतेकदा चुरडा-मुरडा, म्हणजे विषाणू आणि किडीचं काम. दोन इमारतींच्या फटीत ठेवलेलं रोप उंच, फिकट आणि लुळं होतं, कारण ते उजेडाकडे धावतं. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरची कुंडी खुरटते. हे सगळे परिस्थितीचे परिणाम. याची पारख एकच: बी धरून किंवा छाट कलम करून चांगल्या जागी पुन्हा लावा. वेगळेपण तिथेही कायम राहिलं तरच पुढे बोलू. आणि विषाणू कलमातूनही जातो, म्हणून शक्य तिथे बी वापरा.

एक गैरसमज आमच्या वाशीमुळे होतो. वाशीला मसाल्यांवर गामा किरणांची प्रक्रिया करणारं सरकारी केंद्र आहे, तर तिथून म्यूटंट बी मिळेल का, असं मुलं विचारतात. मिळणार नाही. मसाल्यांना मिळणारी मात्रा जंतू मारण्यासाठी असते, किलोग्रेमध्ये (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे); त्यात बीही जगत नाही. म्यूटेशनसाठी बियांना साधारण काही शे ग्रे इतकीच मात्रा देतात. ते काम खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक दशकं चालू आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला टीएजी-२४ हा बुटका भुईमूग तिथलाच, १९९१ सालचा. आणि किरण दिलेल्या बियांची पहिली पिढी खुरटली म्हणून हुरळून जायचं नसतं. ती बऱ्याचदा किरणांनी झालेली इजा असते. लपलेले बदल दुसऱ्या पिढीत, रोपं स्वपरागित झाल्यावर, म्हणजे स्वतःच्याच परागांनी फळल्यावर, उघड होतात.

जोडी निवडा

हौशी माणसाला तीन जोड्या सहज मिळतात. एकेरी आणि डबल जास्वंद, फक्त फुलाच्या रचनेसाठी. पावसाळ्यात भाताची उंच गावठी जात आणि बुटकी सुधारित जात. आजच्या बऱ्याच भातांत १९६६ सालच्या आयआर-८ या बुटक्या भातजातीमुळे जगभर पसरलेलं बुटकेपणाचं जनुक आहे. तिसरी जोडी वाटाण्याची, वाढ आणि अंतर्रचना दोन्हींसाठी, आणि मी तिच्यावरच भर देणार आहे. बियाण्याच्या दुकानात आर्केल मागा. ती बुटकी, सुरकुतलेल्या दाण्याची. तिच्यासमोर उंच, मांडवावर चढणारी, गोल दाण्याची जात हवी. माझ्याकडे ती नणंदेने जुन्नरहून आणली. फ्रोझन मटार पेरू नका, तो उकळत्या पाण्यातून काढलेला असतो. दुकानातल्या बियांवर रंगीत बुरशीनाशक असेल तर ते उरलेले दाणे उसळीत जाणार नाहीत एवढं बघा.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करा: आर्केल आणि जुन्नरचा वाटाणा यांत फक्त एका जनुकाचा फरक नाही, शेकडो आहेत. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात तुम्ही दोन जातींची तुलना करताय, म्यूटंट आणि नॉर्मलची नव्हे. वहीत तसंच लिहा. यावरचा उपाय शेवटी सांगते.

पेरणी

ठाण्यात वाटाण्याला एकच मोसम: दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली की खेळ संपला.

सगळी माती आधी एका टबात एकत्र कालवा, मग कुंड्या भरा. प्रत्येक प्रकारच्या निदान बारा कुंड्या, आठ इंची, एका कुंडीत एकच रोप. बिया वजनाने निवडा, कारण जड बी जोमदार रोप देतं आणि मग तुम्ही बियांच्या वजनाची तुलना करत बसता. दोन्ही प्रकारांच्या कुंड्या आळीपाळीने मांडा आणि दर दोन दिवसांनी जागा बदला. एका वर्षी एका गटाने सगळे ‘बुटके’ भिंतीकडे आणि सगळे ‘उंच’ कठड्याकडे ठेवले होते. कठड्याला दुपारपर्यंत ऊन, भिंतीला दोन तास. महिनाभराची मेहनत वाया गेली. मीच परवानगी दिली होती, त्यामुळे रागावायची सोय नव्हती.

कुंड्यांवर जातीचं नाव लिहू नका, नुसते आकडे घाला. कुठला आकडा कशाचा ते घरातल्या दुसऱ्या कोणाला लिहून ठेवायला सांगा. आपल्याला काय हवंय हे माहीत असलं की फूटपट्टी आपोआप वाकडी धरली जाते. कबुतरांसाठी जाळी लावा. हे मी गमतीत म्हणत नाही.

भिजवण्याच्या वेळीच पहिलं निरीक्षण होतं. दोन्ही प्रकारचे दहा-दहा दाणे तोला, आठ तास भिजवा, पुसून पुन्हा तोला. वजनाच्या मानाने सुरकुतलेले दाणे जास्त पाणी पितात. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा पुरतो. स्वयंपाकघरातला नाही चालत.

वाढ मोजणं

आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. उंची मातीपासून शेंड्याच्या कोंबापर्यंत घ्या, सगळ्यात वरच्या पानाच्या किंवा ताण्याच्या टोकापर्यंत नव्हे. त्याबरोबर पेरं मोजा आणि दोन पेरांमधलं प्रत्येक कांडं मिलिमीटरमध्ये मोजा. बहुतेक जण फक्त उंची लिहितात आणि तिथेच फसतात. रोप बुटकं दोन कारणांनी असू शकतं: पेरंच कमी आली, म्हणजे ते सावकाश वाढतंय, किंवा पेरं तेवढीच पण कांडी आखूड. मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यात दुसरं होतं. पेरांची संख्या जवळपास बरोबरीची राहते आणि कांडी मात्र कुणी दाबून बसवल्यासारखी.

पानांचं क्षेत्रफळ आलेख कागदावर कडा रेखून चौकोन मोजून काढता येतं. शेवटी रोप उपटून, मुळं बादलीत हलक्या हाताने धुऊन, कॉलेजच्या ओव्हनमध्ये ७० अंशांवर दोन दिवस वाळवून सुकं वजन घ्या. ओलं वजन सकाळी वेगळं, दुपारी वेगळं, त्याच्या भरवशावर राहू नये.

आत डोकावणं

मला सगळ्यात जास्त रस या भागात आहे. कांडं आखूड आहे म्हणजे नक्की काय? त्यात पेशी कमी आहेत, की पेशी तेवढ्याच पण प्रत्येक पेशी आखूड? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आत कारण वेगळं: पेशी कमी म्हणजे विभाजनात खोट, पेशी आखूड म्हणजे लांबण्यात खोट.

दोन्ही प्रकारांतलं तेच कांडं घ्या, खालून मोजून, समजा सहावं, आणि त्याची वाढ पूर्ण थांबलेली हवी. वरून मोजलंत तर एकात कोवळं आणि दुसऱ्यात जून येईल, आणि सगळी तुलना वयाची होऊन बसेल. प्रयोगवह्या तपासताना मला सर्वात जास्त दिसणारी चूक हीच.

पेशीची लांबी मोजायला सेक्शनही, म्हणजे पातळ छेदही, लागत नाही. कांड्याच्या मध्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, दहा मिनिटं वाळू द्या, वर सेलोटेप दाबून उचला, काचपट्टीवर चिकटवा. बाह्यत्वचेच्या पेशींचा ठसा विटांच्या भिंतीसारखा उमटतो. पानाच्या खालच्या बाजूने असाच ठसा घेतला तर पर्णरंध्रं मोजता येतात.

लांबी मोजायला आयपीसमधली (डोळ्याकडच्या भिंगातली) मोजपट्टी असेल तर उत्तम, पण ती प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला (काचपट्टीकडच्या भिंगाला) काचपट्टीवरच्या प्रमाणित पट्टीशी ताडून घ्यावी लागते. त्या पट्टीवर १ मिमीचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. ही पट्टी नसेल तर आयपीसवर लिहिलेला क्षेत्र-अंक बघा. तो १८ असेल तर १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १.८ मिमी. त्यात लांबीच्या दिशेने किती पेशी बसतात ते मोजा आणि भागाकार करा.

आता साधं गणित. समजा, उंच रोपाचं सहावं कांडं ६० मिमी आणि पेशीची सरासरी लांबी २०० मायक्रोमीटर. म्हणजे एका रांगेत ३०० पेशी. बुटक्याचं कांडं १८ मिमी, पेशी ९० मायक्रोमीटर, म्हणजे २०० पेशी. कांडं ३० टक्क्यांवर आलं. त्यात पेशींची लांबी ४५ टक्क्यांवर आणि संख्या ६७ टक्क्यांवर. दोन्हींत घट, पण लांबीत जास्त. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही काढा. एका रोपातल्या ३० पेशी मोजल्या म्हणजे नमुने ३० झाले नाहीत. रोप एकच, नमुना एकच. निदान पाच रोपं हवीत, प्रत्येकाची सरासरी वेगळी, आणि टी-चाचणी (दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारं गणित) त्या सरासऱ्यांवर.

आडवा छेद, म्हणजे टी.एस., घ्यायचा तर नवं ब्लेड हवं. जुन्या ब्लेडने पेशी कापल्या जात नाहीत, चिरडल्या जातात. कांडं गाजराच्या चिरेत धरा, ब्लेड आणि गाजर दोन्ही ओलं ठेवा, आणि एका ओढीत आपल्याकडे ओढा. सुरी फिरवल्यासारखं पुढे-मागे करू नका. वीस-तीस काप घ्या, वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडा आणि ब्रशने सगळ्यात पातळ, जवळजवळ न दिसणारा काप उचला. पूर्ण गोल पण जाड कापापेक्षा अर्धवट पण पातळ तुकडा कधीही चांगला. मुलं पूर्ण गोलाच्या मागे लागतात, कारण पुस्तकातली आकृती पूर्ण असते. टोल्यूडिन ब्लू ०.०५ टक्के, एक मिनिट, मग पाण्याने धुवा. लिग्निन, म्हणजे लाकूडपणा आणणारं द्रव्य, असलेल्या पेशीभिंती निळसर-हिरव्या होतात, बाकीच्या जांभळट. सॅफ्रानिन असेल तर जलवाहिन्या लाल दिसतील.

वाटाण्याचं खोड चौकोनीसर आणि मधे पोकळ. बाह्यत्वचेचा थर, मध्यत्वचेच्या ओळींची संख्या, वाहिनीपूल (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे) किती, प्रत्येक पुलात जलवाहिन्या किती आणि सगळ्यात रुंद जलवाहिनीचा व्यास किती, एवढं मोजा. दोन्ही प्रकारांचे फोटो त्याच ऑब्जेक्टिव्हवरून, मोबाइलचा झूम न वापरता घ्या. आणि चित्र हाताने काढा. फोटोत जे सुटतं ते पेन्सिल धरल्यावर दिसतं.

दाण्यांचंही बघा. गोल आणि सुरकुतलेला दाणा ब्लेडने खरवडून पावडर काचपट्टीवर घ्या, पाण्याचा थेंब, मग पातळ आयोडीनचा थेंब. गोल दाण्यात स्टार्चचे कण मोठे, लंबगोल, एकसंध. सुरकुतलेल्यात ते भेगाळलेले, तुकड्यातुकड्यांचे. एका जनुकाचा बिघाड इतक्या सोप्या तऱ्हेने डोळ्यांना दिसावा, हे दरवर्षी बघूनही मला पुरत नाही.

जिबरेलिनची परीक्षा

द्राक्ष बागायतदार ज्याला नुसतं ‘जीए’ म्हणतात तेच हे. ०.१ ग्रॅम पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, कारण ती थेट पाण्यात नीट उतरत नाही, मग पाणी घालून एक लिटर करा. काही बुटक्या आणि काही उंच रोपांच्या शेंड्यांवर याचा फवारा द्या, आणि तितक्याच दुसऱ्या रोपांवर तेवढंच अल्कोहोल असलेलं साधं पाणी. आठवड्याभरात बुटक्यांची नवी कांडी लांब होऊ लागली तर जिबरेलिन बनण्यात खोट होती. काहीच झालं नाही तर जिबरेलिन असूनही रोपाला ते कळत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. फवाऱ्यानंतर आलेल्या कांड्यांवरून पुन्हा नेलपॉलिशचा ठसा घ्या. पेशी लांबल्या की त्यांची संख्या वाढली, ते तिथेच कळतं.

फुलांसाठी जास्वंद

हे सोपं आणि बाराही महिने जमणारं. एकेरी जास्वंद उभी चिरा: निदलं, पाच पाकळ्या, केसरनलिका आणि तिच्यावर असंख्य पुंकेसर, टोकाला पाच कुक्षी, तळाशी पाच कप्प्यांचा अंडाशय. मग डबल जास्वंदीच्या पाकळ्या बाहेरून आत एकेक सुट्या करत जा, आणि क्रमाने कागदावर मांडा. मधल्या काही पाकळ्यांच्या कडेला परागकोशाचा पिवळा ठिपका चिकटलेला सापडेल. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर. १९९१ साली मांडलेल्या एबीसी प्रारूपानुसार फुलात कुठे कोणता अवयव होणार हे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा जनुकांच्या तीन गटांवर ठरतं; पुंकेसर होण्यासाठी ‘बी’ आणि ‘सी’ दोन्ही गटांची जनुकं लागतात. सीचा जोर कमी पडला की तिथे पाकळी होते. हे पाठ करण्याआधी तो अर्धामुर्धा अवयव नखावर घेऊन बघा.

खरं नॉर्मल: भावंडं

आता पहिल्या अडचणीचा उपाय. दोन जातींत शेकडो फरक असतील तर त्यांचा संकर करा आणि त्यांच्या नातवंडांमध्ये तुलना करा. बाकीचे फरक तिथे उंच-बुटक्या दोघांत साधारण सारखे वाटले जातात.

सुरकुतलेल्या दाण्याचं रोप आई म्हणून घ्या. कळी मिटलेली असताना, परागकोश फुटण्याआधी, चिमट्याने दहाही पुंकेसर काढा, दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या वाटाण्याचे पराग कुक्षीवर लावा, दोरा बांधून ठेवा. शेंगेत गोल दाणे आले तर संकर जमला. सुरकुतलेले आले तर एखादा पुंकेसर तुमच्या हातून राहिला. आईच सुरकुतलेली निवडली, त्याचा हा फायदा.

माझे पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यात एका शेंगेत चार गोल दाणे मिळाले. ते पुढच्या हिवाळ्यात लावले, चारही वेल मांडवावर गेले, आणि जानेवारीत त्यांच्या शेंगा सोलल्या. एका शेंगेत सात दाणे होते, पाच गोल, दोन सुरकुतलेले. एकाच शेंगेतली, एकाच वेलीवर, एकाच उन्हात वाढलेली भावंडं. त्या सातांमधल्या एका गोल आणि एका सुरकुतलेल्या दाण्याचा स्टार्च मी त्याच संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली घातला. बाकीच्या शेंगांतले दाणे बरणीत आहेत. त्यातून किती उंच आणि किती बुटके येतात ते दिवाळीनंतर कळेल, आणि जाळी मी आत्ताच शिवून घेतली आहे.